‘पुन्हा पुन्हा’ आणि ‘एकदाच’

गेल्या मृतांच्या दिवशी कबरस्तानातील मिस्सा आटोपून मी कबरींवर आशीर्वादित पाणी शिंपडत फिरत होतो. वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या आणि माणसे त्या पुन्हा पेटवीत होती. एका लहानशा कबरीपाशी उभे असलेले धर्मग्रामातील एक गृहस्थ मला म्हणाले, “फादर, एक विचारू का? माझा थोरला कॉलेजात विज्ञान शिकतो. तो सांगतो, हे विश्व एक दिवस मिटेल आणि पुन्हा उघडेल. पुन्हा सूर्य, पुन्हा पृथ्वी, पुन्हा माणसं. तसं असेल तर आमची पोर पुन्हा जन्माला येईल, हे बरंच झालं म्हणायचं. पण मग ती पुन्हा मरणारही का हो?”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “सर्व काही देवाच्या हाती आहे, तुम्ही चिंता करू नका,” असे काहीसे बोललो आणि पुढच्या कबरीकडे वळलो. माझ्या बोलण्यात खोटे काही नव्हते. परंतु ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे त्यांनाही कळले आणि मलाही कळले.

पुढे काही दिवसांनी त्यांचा तो मुलगा मला भेटायला आला. त्याने एक छोटीशी इंग्रजी कथा वाचावयास दिली. ‘माझ्या डोक्यात हे खूळ या कथेमुळे शिरले,’ असे तो हसत म्हणाला. ती कथा मी वाचली आणि तिच्या निमित्ताने विश्वचक्राची कल्पना मांडणाऱ्या इतर काही कलाकृतींकडे पुन्हा पाहिले. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे व पाहण्याचे टिपण आहे. त्या संध्याकाळी अर्धवट राहिलेल्या उत्तराची भरपाई, असेही त्याला म्हणता येईल.

विश्व पुन्हा पुन्हा निर्माण होते की एकदाच, हा निर्णय शास्त्रज्ञांनी करावयाचा आहे. कलावंतापुढची अडचण वेगळी असते. वर्तुळाला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. शिळेला मात्र कडा असतात, कथेला शेवटचे पान असते. जे कधी थांबत नाही असे मानले आहे, ते दाखविण्यासाठी कलावंताला ते कोठेतरी थांबवावेच लागते. तो ते कोठे थांबवितो आणि त्या थांबलेल्या क्षणात कोणाला जागा देतो, यावरून त्याच्या मनातील खरी ओढ कळते. अशा कलाकृतींचे परीक्षण करताना हीच कसोटी लावावी, असे मला वाटते.

झोपेचा क्षण

उत्तर प्रदेशातील ललितपूर जिल्ह्यात, बेतवा नदीकाठी, देवगढ नावाचे गाव आहे. आपल्या सिंधुदुर्गातील देवगड ते नव्हे. तेथे दशावतार मंदिर या नावाने ओळखले जाणारे, गुप्तकाळातील एक भग्न विष्णुमंदिर आहे. ते इसवी सन ५०० च्या सुमाराचे मानले जाते. त्याच्या दक्षिणेकडील भिंतीवर शेषशायी विष्णूचे प्रख्यात शिल्प आहे. हाच विषय आपल्याकडे वेरूळच्या पंधराव्या लेण्यातही कोरलेला आहे, पण देवगढच्या शिल्पाची घडण काही न्यारीच.

या शिल्पामागे पौराणिक कालगणनेचा प्रचंड पसारा आहे. चार युगांचे मिळून ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग होते. अशी एक हजार महायुगे, म्हणजेच ४३२ कोटी वर्षे, हा ब्रह्मदेवाचा केवळ एक दिवस, आणि तेवढीच त्याची रात्र. दिवसाच्या अखेरीस सृष्टी लय पावते आणि रात्र सरली की पुन्हा उमलते. आजचे शास्त्रज्ञ आपल्या विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगतात. प्राचीन काळी कोटींच्या घरात विचार करण्याचे धाडस ज्या थोड्या संस्कृतींनी केले, त्यांत भारतीय संस्कृती अग्रभागी आहे, हे कोणीही मोकळ्या मनाने मान्य करील.

परंतु शिल्पकाराने काय दाखविले? त्याने ना वर्तुळ कोरले, ना चक्र, ना आकडे. त्याने एक निजलेला पुरुष कोरला. शेषाच्या वेटोळ्यांची शय्या आहे, त्याच्या फण्यांचे छत्र माथ्यावर आहे. वरच्या बाजूस कमळावर ब्रह्मदेव आहे, शेजारी ऐरावतावरील इंद्र, मोरावरील कार्तिकेय, नंदीवरील शिवपार्वती असा देवगण जमला आहे. खालच्या पट्टीत काही आकृती आहेत. कोणी त्यांना पांडव व द्रौपदी म्हणतात, तर कोणी मूर्त रूप घेतलेली विष्णूची आयुधे आणि मधुकैटभ दैत्य म्हणतात. आणि पायथ्याशी लक्ष्मी पतीचे पाय चेपीत बसली आहे.

दोन सृष्टींच्या मधला हा क्षण आहे. जे होते ते गेले आहे आणि जे व्हायचे ते अद्याप झालेले नाही. अशा अफाट पोकळीत शिल्पकाराला दाखवावेसे वाटले ते काय, तर एका पावलावर ठेवलेला एक हात. कोट्यवधी वर्षांचा हिशेब त्याने घरगुती मायेच्या एका कृतीवर आणून थांबविला. शिल्पाचे मोठेपण मला येथे दिसते. तत्त्वज्ञान कालचक्राविषयी बोलते, पण शिल्प सोबतीविषयी बोलते.

फुटलेला साचा

दुसरी कलाकृती तमिळनाडूतील चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती. तिची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वरच्या उजव्या हातात डमरू आहे, तो निर्मितीचा नाद. वरच्या डाव्या हातात अग्नी आहे, तो संहार. भोवती ज्वाळांचे प्रभामंडळ आहे. उजव्या पायाखाली अज्ञानाचे प्रतीक असलेला बुटका अपस्मार दबलेला आहे. आनंद कुमारस्वामी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या मूर्तीवर लिहिलेल्या निबंधामुळे तिचा अर्थ जगभर पोहोचला. २००४ साली भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाने दिलेली दोन मीटर उंचीची नटराजमूर्ती जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनकेंद्रात बसविण्यात आली. तेव्हापासून अणूंतील कणांचे नृत्य आणि शिवाचे नृत्य एकच, असे सर्रास बोलले जाते.

या उत्साहात मूर्तीचे निम्मे बोलणे ऐकावयाचे राहून जाते. शैव परंपरा शिवाची कृत्ये पाच मानते: सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव आणि अनुग्रह. म्हणजे डमरू आणि अग्नी यांच्यापाशी अर्थ संपत नाही. खालचा उजवा हात भक्ताला ‘भिऊ नकोस’ असे सांगतो आणि खालचा डावा हात उचललेल्या पावलाकडे, म्हणजे कृपेकडे, बोट दाखवितो. भोवती सर्व काही पेटलेले असताना मूर्तीचा चेहरा मात्र निवांत आहे. ज्वाळांचे वर्तुळ ही चौकट आहे. चित्राचा गाभा तो उघडा तळवा आहे. शिवाय ही मूर्ती मुळात एखाद्या संशोधनकेंद्राच्या आवारासाठी घडलेली नव्हे. वस्त्रे नेसवून, हार घालून, खांद्यावर घेऊन मिरवणुकीत गावातून नेण्याची ही मूर्ती. ज्या माणसांच्या घरी कालपरवा कोणी गेले असेल, त्यांच्या दारावरून ती जात असे.

तिच्या घडणीविषयीची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कारागीर प्रथम मेणाची पूर्ण मूर्ती करतो. तिच्यावर मातीचे लेप देतो. मग ती तापवून मेण वितळवून काढतो आणि आत राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओततो. रस थिजला की मातीचा साचा फोडावा लागतो. मेण गेलेले असते, साचाही जातो. त्या साच्यातून दुसरी मूर्ती कधीच निघत नाही. सारे काही पुन्हा पुन्हा होते असे सांगणारी ही कलाकृती स्वतः मात्र एकदाच होते! कारागिराच्या मनात हा अर्थ असेल असा माझा दावा नाही. पण हातांनी केलेल्या कामात असे एखादे सत्य नकळत उतरते खरे.

भीतीचा दगड

चक्राची कल्पना नेहमीच अशी आश्वासक असते असे नाही. मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात १७ डिसेंबर १७९० रोजी, स्पॅनिश अमलात जमिनीखाली गेलेली एक विराट शिळा खोदकामात सापडली. व्यास सुमारे साडेतीन मीटर, वजन सुमारे चोवीस टन. अझ्टेक लोकांची ती सूर्यशिळा होय. विशेष म्हणजे १८८५ सालापर्यंत ती तेथील कॅथीड्रलच्या बुरुजाला बाहेरून टेकवून बसविलेली होती. म्हणजे जवळजवळ शतकभर मिस्सेला येणारी माणसे तिच्यावरून नजर फिरवीत आत जात असणार. आज ती तेथील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे.

शिळेच्या मध्यभागी एक मुखवटा आहे आणि त्याच्याभोवती चार चौकटी. आपल्या आधी चार सूर्य, म्हणजे चार जगे, होऊन गेली. एकाचा अंत जग्वारांनी केला, एकाचा वाऱ्याने, एकाचा अग्निवर्षावाने आणि एकाचा पाण्याने. आपले जग पाचवे. त्याचे चिन्ह ‘हालचाल’ हे असून त्याचा अंत भूकंपाने व्हावयाचा आहे. मधल्या मुखाच्या दोन्ही बाजूंस नखे असलेले पंजे आहेत आणि त्या पंजांत मानवी हृदये आहेत. सूर्य चालता राहावा म्हणून त्याला माणसाच्या हृदयाचा नैवेद्य द्यावा लागतो, ही ती श्रद्धा.

कोरीवकाम म्हणून हा दगड अप्रतिम आहे. तरीही आपली कसोटी लावली तर काय दिसते? येथेही चक्र थांबविले आहे, पण जेथे थांबविले तेथे माणसाला चेहरा नाही. केवळ त्याचे हृदय आहे आणि तेही पंजात धरलेले. ज्या चक्राला एकेका माणसाचे मोल नाही, ते चक्र अखेरीस माणसाला इंधन समजते. हे वाचून ‘ते लोक रानटी, आपण सभ्य’ असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. इतिहासाचा गाडा पुढे जावा म्हणून लाखो माणसांना त्याखाली टाकणाऱ्या राजवटी विसाव्या शतकात, ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशांतही होऊन गेल्या आहेत.

राखेतला पक्षी

आता थोडे विज्ञानाकडे वळू. आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते, की विश्व प्रसरण पावत आहे आणि ते एका ‘आद्य अणू’पासून सुरू झाले असावे, हा विचार मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचे संशोधन १९२७ आणि १९३१ या वर्षांतले. विश्व फुगते, आकसते आणि पुन्हा फुगते अशी शक्यता गणितातून निघते, हे त्यांनाही दिसले होते. १९३३ साली त्यांनी नमूद केले, की या कल्पनेत निःसंशय काव्यमय मोहिनी आहे आणि ती दंतकथेतल्या फिनिक्स पक्ष्याची आठवण करून देते. जो विचार त्यांनी अखेर आपला मानला नाही, त्याचेही सौंदर्य मान्य करण्याचा उमदेपणा या धर्मगुरूपाशी होता.

पुढे १९३४ मध्ये रिचर्ड टॉलमन यांनी दाखविले, की प्रत्येक फेऱ्यात विस्कळीतपणा साचत जातो. त्यामुळे पुढचा फेरा मागच्याहून लांब होतो आणि ‘तेच ते’ असे काही राहत नाही. १९९८ साली विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे निष्पन्न झाले आणि आकसणाऱ्या विश्वाची शक्यता आणखी मागे पडली. तरी कल्पना संपली नाही. २००२ मध्ये स्टाइनहार्ट व टुरॉक यांनी, २०१० मध्ये रॉजर पेनरोज यांनी तिला नवी रूपे दिली. आपले जयंत नारळीकर यांनी तर फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये आरंभच नसलेल्या, हेलकावे घेत वाढणाऱ्या विश्वाची प्रतिकृती मांडली आणि महास्फोटाचा सिद्धान्त त्यांनी अखेरपर्यंत, म्हणजे २०२५ मधील निधनापर्यंत, स्वीकारला नाही. एक योगायोग येथे आठवतो. २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि त्यानंतरच्या, २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष डॉ. नारळीकर. मराठी शारदेने या दोघांना एकाच आसनावर लागोपाठ बसविले. तिला त्यात काही अडचण वाटली नाही.

या सर्व प्रतिकृतींविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. नवा फेरा म्हणजे जुन्याची पुनरावृत्ती, असे त्या सांगत नाहीत. विश्व पुन्हा उमलले तरी तीच माणसे, तीच घरे, तीच दुःखे परत येतात, हे त्यांतून निघत नाही. तो विचार प्राचीन ग्रीसमधील स्टोइक तत्त्वज्ञांचा. पुढे नीत्शेने तो नव्या आवेशाने मांडला. त्या गृहस्थांना छळणारा प्रश्न विज्ञानाने नव्हे, तर या तत्त्वज्ञानाने विचारलेला होता.

आणि फिनिक्सचे काय? त्या पक्ष्याला ख्रिस्तसभेने फार पूर्वीच आपलेसे केले आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या संत क्लेमेंटने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पुनरुत्थानाची खूण म्हणून त्याचा दाखला दिला. रोममधील संत कोस्मास व दामियान यांच्या मंदिरात, वेदीमागच्या सहाव्या शतकातील मोझॅइकमध्ये, ताडावर बसलेला फिनिक्स आजही दिसतो. मूळ दंतकथेत तो जळतो, उठतो आणि शेकडो वर्षांनी पुन्हा जळतो. ख्रिस्ती चित्रकारांनी त्याचा एकच फेरा घेतला: एक मरण आणि एक उठणे. पुढच्या जळण्याविषयी ते मौन पाळतात. चक्राची प्रतिमा घेऊन तिला ‘एकदाच’चा अर्थ द्यावयाचा, ही किमया आहे.

असेच काहीसे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत केले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. पुराणाची पाच लक्षणे परंपरेने सांगितली आहेत: सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित. त्यांतील प्रतिसर्ग म्हणजे लयानंतरची पुनर्निर्मिती आणि मन्वंतर म्हणजे मनूंचे फेरे, ही दोन्ही चक्राकार काळाची अंगे आहेत. स्टीफन्स यांनी पुराणाचा बाज घेतला, ओवी घेतली, सृष्टीची उत्पत्ती घेतली, इस्राएलच्या वंशांची कथा घेतली. पण पुनर्निर्मितीच्या जागी पहिल्या पुराणात ताऱ्याची वाट पाहणे आणि दुसऱ्या पुराणात एकाच आयुष्याची कथा ठेवली. भांडे इथल्या मातीचे आणि आत भरलेला काळ सरळ वाहणारा. त्यांच्या ग्रंथाची थोरवी सांगताना भाषेच्या गोडव्यावर आपण पुष्कळ बोलतो. या धाडसावर क्वचितच बोलतो.

फाडून टाकलेली चिठ्ठी

आता त्या मुलाने दिलेली कथा. आयझॅक असिमॉव्ह यांची ‘शेवटचा प्रश्न’ ही कथा १९५६ साली प्रसिद्ध झाली. स्वतःच्या सर्व कथांत ती त्यांची सर्वांत आवडती होती. सात प्रसंगांची ही कथा २०६१ साली सुरू होते आणि काळाच्या अंतापलीकडे जाऊन संपते. दोन तंत्रज्ञ मद्याच्या भरात एका अजस्र संगणकाला विचारतात, की साऱ्या ताऱ्यांची शक्ती एक दिवस संपणार, ती ऱ्हासाची क्रिया उलटविता येईल काय? यंत्र सांगते, अर्थपूर्ण उत्तरासाठी माहिती अपुरी आहे. युगे लोटतात, माणूस आकाशगंगा व्यापतो, शरीर सोडतो, सारी मने एक होतात, यंत्र अवकाशाच्या पलीकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी तोच प्रश्न विचारतो आणि तेच उत्तर येते. शेवटी तारे विझतात, माणूस उरत नाही, उरते केवळ यंत्र. त्याला उत्तर सापडते, पण ते सांगावे तरी कोणाला? मग ते उत्तर करून दाखविते. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने उच्चारलेली पहिली आज्ञा ते उच्चारते आणि कथा संपते.

रचना म्हणून ही कथा निर्दोष आहे. एकच उत्तर सहा वेळा ऐकल्याने वाचकाच्या मनात जो ताण निर्माण होतो, तो शेवटच्या ओळीत एका क्षणात सुटतो. काही श्रद्धाळू वाचक या शेवटाने दुखावतात, यंत्राला देव केले म्हणून. मला तसे वाटले नाही. उलट, स्वतःला नास्तिक म्हणविणाऱ्या लेखकाला विश्वाचा आरंभ सांगण्यासाठी बायबलच्या पहिल्या पानाहून समर्थ शब्द सापडले नाहीत, ही मला त्या पानाला वाहिलेली आदरांजली वाटते.

माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. दुसऱ्या प्रसंगात एक कुटुंब नव्या ग्रहाकडे निघाले आहे. आईवडील आणि दोन लहान मुली. तारे एक दिवस विझणार हे कळताच मुली रडू लागतात. वडील घरच्या यंत्राला प्रश्न विचारतात. चिठ्ठी बाहेर येते. ते ती मुठीत झाकतात आणि मुलींना सांगतात, की वेळ येईल तेव्हा यंत्र सर्व काही नीट करणार आहे, काळजी करू नका. मग चिठ्ठी नष्ट करण्याआधी ते ती वाचतात. तिच्यावर अर्थातच तेच शब्द असतात: माहिती अपुरी.

येथे मी पुस्तक मिटले. कबरस्तानातील ती संध्याकाळ मला आठवली. मीही तेच केले होते. चिठ्ठी मुठीत झाकली होती आणि ‘चिंता करू नका’ असे म्हणालो होतो.

आता शेवटाकडे पाहा. यंत्र नवे विश्व उजळते खरे, पण त्या दोन मुलींना उत्तर मिळाले काय? त्या केव्हाच मातीत गेल्या. त्यांची मने त्या महामनात विरघळली असतील तर त्यांचे रडणेही विरघळले. लेखकाने चक्र थांबविले ते प्रकाशाच्या क्षणी, आणि त्या प्रकाशात रडणाऱ्या मुलीसाठी जागा ठेवली नाही. ऊर्जेचा प्रश्न सुटला, दुःखाचा सुटला नाही. देवगढच्या अनाम शिल्पकाराने जे जाणले होते, ते या अत्यंत बुद्धिमान लेखकाच्या हातून निसटले.

याच काळातील दुसरे एक पुस्तक ते जाणते. वॉल्टर मिलर या अमेरिकन लेखकाने दुसऱ्या महायुद्धात विमानदलात असताना १९४४ साली माँते कासिनोच्या मठावरील बॉम्बहल्ल्यात भाग घेतला होता. संत बेनेडिक्टचा तो मठ. १९४७ मध्ये मिलर कॅथलिक झाला आणि पुढे ‘लायबोविट्झसाठी स्तोत्र’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी त्याने लिहिली. तीत अणुयुद्धाने जग जळते, वाळवंटातील मठवासी उरलेसुरले कागद जपतात, शेकडो वर्षांनी विद्या पुन्हा उगवते आणि माणूस पुन्हा तीच चूक करतो. येथे विश्वाचे नव्हे तर संस्कृतीचे चक्र आहे. पण त्या चक्राच्या आत मिलर एकेका माणसापाशी थांबतो. एक भाबडा ब्रदर एका तांत्रिक नकाशाची सोनेरी नक्षीकाम केलेली प्रत करण्यात वर्षानुवर्षे घालवितो. त्या नकाशाचा अर्थ त्याला कधीच कळत नाही. वाचकाला मात्र हे श्रम वाया गेले असे एकदाही वाटत नाही. ज्याने मठावर बॉम्ब टाकले, त्याने कागदावर मठ पुन्हा बांधला. हे चक्र नव्हे, हे प्रायश्चित्त आहे.

मेणबत्तीवरील आकडे

संत ऑगस्टिन या प्रश्नाला ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या बाराव्या भागात भिडला आहे. तोच प्लेटो, तेच अथेन्स, तीच पाठशाळा, तेच शिष्य अगणित वेळा परत येणार, या मताला त्याने स्पष्ट नकार दिला. ख्रिस्त आपल्या पापांसाठी एकदाच मरण पावला, हे त्याचे कारण. दुसरे कारण त्याने माणसाच्या बाजूने दिले: पुन्हा दुःखात परतावयाचे असेल तर स्वर्गातील सुख हे सुखच नव्हे. ज्याने तरुणपणी जिवलग मित्र गमावला आणि पुढे ओस्तिया येथे आई मोनिकाचे डोळे मिटलेले पाहिले, त्या माणसाचा हा युक्तिवाद आहे.

याचा अर्थ आपण चक्राचे शत्रू आहोत असा नाही. आपले उपासनावर्ष हेच एक चक्र आहे. आगमनकाळ, नाताळ, प्रायश्चित्तकाळ, ईस्टर आणि पुन्हा आगमनकाळ. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून यंदाच्या राखेच्या बुधवारची राख होते. शेतकऱ्याला आणि आईला हे फिरणे ठाऊक असते आणि त्यात मोठा दिलासा असतो.

पण ईस्टरच्या जागरणविधीत आपण जी पास्काची मेणबत्ती पेटवितो, ती एकदा नीट पाहा. तीही एक कलाकृती आहे. तिच्यावर क्रूस असतो, वर अल्फा, खाली ओमेगा. क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. विधी दरवर्षी तोच, शब्द तेच, सूर तोच. आकडे मात्र त्या वर्षाचे, पुन्हा कधीही न येणारे. चक्र आणि ‘एकदाच’ यांची गाठ इतक्या साधेपणाने घातलेली दुसरी कलाकृती मला ठाऊक नाही. चक्र कोठे थांबविले? या वर्षापाशी. जागा कोणाला दिली? या वर्षी जे जन्मले आणि जे गेले, त्यांना. कारण हीच मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या वेळी पेटते आणि हीच शवपेटीजवळ ठेवली जाते.

त्या गृहस्थांच्या घरी मी परवा जाऊन आलो. विश्व मिटेल की नाही, पुन्हा उघडेल की नाही, हे शास्त्रज्ञ शोधीत आहेत, शोधू द्यावे, असे मी त्यांना सांगितले. त्यांच्या कोणत्याही हिशेबात तुमची मुलगी पुन्हा मरत नाही, हेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ती एकच होती.”

“एकच,” मी म्हणालो. “आणि देवालाही ती एकच ठाऊक आहे.”

निघताना वाटेत कबरस्तान लागले, तेव्हा आत गेलो. तिच्या कबरीच्या दगडावर जे वर्ष कोरले आहे, तेच त्या साली आमच्या पास्काच्या मेणबत्तीवर होते. तिच्या शवपेटीजवळ तीच मेणबत्ती जळत होती.